आईच्या किमोत ‘नॅनो’ औषध सांगितलंय, पैसे टाकायचे का?

निफाडकडच्या एका मुलाने विचारलंय, त्याचा प्रश्न थोडक्यात सांगतो. आई ५८ वर्षांची, स्तनाचा कॅन्सर, आता हाडात आणि लिव्हरमध्ये गेलेला, शुगर दहा-बारा वर्षांपासून. नाशिकला पॅक्लिटॅक्सेलचा पहिला डोस लावला आणि पाच-सात मिनिटांत तोंड लालबुंद, छातीत दडपण, दम लागला, सलाईन लगेच बंद केलं. आता डॉक्टर म्हणतात ‘नॅनो’वालं पॅक्लिटॅक्सेल देऊ, पण खर्च बराच वाढतो. पुण्याचे दाजी म्हणतात नॅनो-बिनो सगळं मार्केटिंग, आणि तेच दाजी दुसऱ्या दमात म्हणतात परदेशात रक्तात नॅनोरोबोट सोडून कॅन्सर मारतात, तिकडे चौकशी कर. त्यात शेजारच्या काकूंनी नॅनो करक्युमिनचे (हळदीतल्या द्रव्याचे) थेंब आणून दिलेत. मग यातलं घ्यायचं काय आणि सोडायचं काय?

भाऊ, आधी सरळ उत्तर देतो मग बाकीचं. तुमच्या आईला साध्या पॅक्लिटॅक्सेलने रिॲक्शन आलीय, म्हणून नॅनोवालं सुचवणं हे बरोबर कारण आहे, डॉक्टर लुबाडतायत असं मला यात दिसत नाही. पण ते औषध ‘जास्त पॉवरफुल’ आहे म्हणून घेताय असं समजून घेऊ नका, आणि आईला शुगर आहे म्हणून पायांकडे नीट लक्ष द्यावं लागेल, ते खाली लिहितो. करक्युमिनचे थेंब किमो चालू आहे तोवर कपाटात. रोबोट विसरा. (रिसेप्टरचा, म्हणजे गाठीच्या पेशी कशाच्या जोरावर वाढतात त्याचा रिपोर्ट तुम्ही लिहिलेला नाही, हार्मोन पॉझिटिव्ह आहे का हर-टू आहे ते, डॉक्टरांनी तो बघूनच किमो ठरवला असणार असं धरून पुढे लिहितोय, पण एकदा विचारून घ्या.)

आता नॅनो म्हणजे काय. आपल्याकडे द्राक्षवाल्या माणसाला नॅनो म्हटलं की इफ्कोचा नॅनो युरिया आठवतो आणि बाकीच्यांना टाटाची गाडी. औषधात नॅनो म्हणजे साधारण १ ते १०० नॅनोमीटरच्या आसपासचे कण, आणि औषधवाले दोन-तीनशेपर्यंतचे पण यातच धरतात. एक मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर. डोक्याचा केस ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो, रक्तातली लाल पेशी सात-आठ हजार, करोनाचा विषाणू शंभरच्या आसपास. म्हणजे आपण विषाणूच्या मापाच्या वस्तू बनवून शिरेतून सोडतो.

आणि यातली बहुतेक औषधं नवीन नसतात, हे कुणी सांगतच नाही. द्राक्षं तीच असतात, पिंपळगावहून क्रेटमध्ये भरून टेम्पोने वाशीला पाठवली तर वेगळी पोचतात आणि प्रीकूलिंग करून पेटीत पॅड टाकून रीफर कंटेनरने युरोपला पाठवली तर वेगळी पोचतात, तसं हे आहे. आत पॅक्लिटॅक्सेलच असतं. बदलतं ते पॅकिंग, आणि पॅकिंग बदललं की औषध शरीरात कुठे जातं, किती वेळ टिकतं, वाटेत काय काय बिघडवतं हे सगळं बदलतं. म्हणून नॅनो औषध कुणी सुचवलं की माझा प्रश्न एकच असतो की पॅकिंग बदलून पेशंटला नक्की काय मिळालं? साइड इफेक्ट कमी झाला, की आयुष्य वाढलं, की फक्त बिल वाढलं? तिन्ही प्रकारची औषधं बाजारात आहेत.

तुमच्या आईला जी रिॲक्शन आली ती बऱ्याच वेळा पॅक्लिटॅक्सेलची नसतेच. पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही, अजिबात नाही, मूळ ते एका झाडाच्या सालीतून काढलेलं औषध, तर ते शिरेतून देता यावं म्हणून क्रेमोफोर नावाच्या द्रवात आणि अल्कोहोलमध्ये विरघळवतात. हे क्रेमोफोर एरंडेल तेलावर प्रक्रिया करून बनवतात. ॲलर्जीसारखी रिॲक्शन मुख्यतः त्याची. म्हणूनच साधं पॅक्लिटॅक्सेल द्यायच्या आधी डेक्सा (स्टेरॉइड), एव्हिल (ॲलर्जीचं), ॲसिडिटीचं इंजेक्शन असा सगळा मारा करतो, तीन-तीन तास सलाईन चालवतो, नळी पण वेगळी लागते कारण क्रेमोफोर साध्या पीव्हीसी नळीतलं केमिकल ओढून घेतं. एवढं करूनही काहींना रिॲक्शन येतेच, आणि ती बहुतेक वेळा पहिल्या-दुसऱ्या डोसला, पहिल्या दहा मिनिटांतच येते, तुमच्याकडे झालं तसंच.

नॅनोवाल्यात क्रेमोफोर नाही. तिथे पॅक्लिटॅक्सेल अल्ब्युमिनला चिकटवलेलं असतं, अल्ब्युमिन म्हणजे आपल्या रक्तातलंच प्रोटीन, आणि कण साधारण १३० नॅनोमीटरचा. अमेरिकेत २००५ मध्ये स्तनाच्या कॅन्सरसाठी याला परवानगी मिळाली, मग २०१२ मध्ये फुप्फुसाच्या आणि २०१३ मध्ये स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठी. आता भारतीय कंपन्यांचे कितीतरी ब्रँड आहेत, त्यामुळे भाव पूर्वीसारखा राहिलेला नाही. अर्ध्या तासात डोस संपतो, स्टेरॉइडचा मारा सहसा लागत नाही. तुमच्या आईच्या बाबतीत हा मुद्दा मोठा आहे कारण डेक्सा दिलं की शुगर ३००-४०० ला जाते आणि दोन-तीन दिवस खाली येत नाही, मग इन्सुलिन वाढवा, मग इन्फेक्शनची भीती, हे चक्र मी रोज बघतो.

मग फायदा किती? ज्या मोठ्या अभ्यासावरून २००५ ची परवानगी मिळाली त्यात पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या ४५४ बायका होत्या, दर तीन आठवड्यांनी डोस. गाठी आकसल्या त्या नॅनोवाल्या गटात ३३ टक्के बायकांच्या, साध्या पॅक्लिटॅक्सेलमध्ये १९ टक्के. पांढऱ्या पेशी फार खाली जाण्याचं प्रमाण पण कमी, ९ विरुद्ध २२ टक्के. वाचून वाटतं की मग साधं देतातच कशाला. पण पुढे असं झालं की साधं पॅक्लिटॅक्सेल तीन आठवड्यांनी देण्यापेक्षा दर आठवड्याला छोट्या डोसमध्ये दिलं तर जास्त चांगलं चालतं हे कळलं, आणि मग अमेरिकेतच आठवड्याचं साधं विरुद्ध आठवड्याचं नॅनो अशी मोठी ट्रायल झाली, बरोबर अजून एक औषध होतं, तर त्यात नॅनोवालं काही सरस ठरलं नाही, उलट त्या डोसला त्रास जास्त झाला. म्हणून ज्या पेशंटला साधं पॅक्लिटॅक्सेल सोसतंय, शुगर नाही, पैशाची ओढाताण आहे, तिला मी स्वतःहून नॅनो लिहीत नाही आणि नातेवाइकांनी ‘डॉक्टर, भारीतलं द्या’ म्हटलं तरी समजावतो. भारीतलं म्हणजे चांगलं असं किमोमध्ये नसतं.

आता पायांचं. दोन्ही पॅक्लिटॅक्सेलमुळे नसांवर परिणाम होतो, बोटांना मुंग्या, बधिरपणा, पायाखाली कापूस असल्यासारखं वाटणं. त्या अभ्यासात हा त्रास जोरात होण्याचं प्रमाण नॅनोवाल्यात १० टक्के होतं आणि साध्यात २, कारण एका वेळी औषध जास्त जातं. औषध थांबवलं की बहुतेकींचा त्रास तीन-चार आठवड्यांत बराच कमी झाला. पण तुमच्या आईच्या नसा शुगरने आधीच थोड्या गेलेल्या असू शकतात. म्हणजे गंमत बघा, त्याच शुगरमुळे नॅनोवालं बरं कारण स्टेरॉइड टळतं, आणि त्याच शुगरमुळे नॅनोवालं जपून द्यायला लागतं कारण नसा. हे दोन्ही तुमच्या डॉक्टरांना माहीत असणारच पण तुम्ही विचारा की तीन आठवड्यांच्या मोठ्या डोसऐवजी दर आठवड्याला कमी डोस, तीन आठवडे देऊन एक आठवडा सुट्टी, असं देता येईल का. मी शुगरवाल्या पेशंटला शक्यतो असंच देतो. त्यात चकरा वाढतात, निफाडहून दर आठवड्याला येणं, आडगाव नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकणं हे मला मान्य आहे, पण डोस मधेच कमी करता येतो, थांबवता येतो, हा फायदा आहे.

आणि सुरू करायच्या आधी आईला विचारा की आत्ता पायाला मुंग्या येतात का, रात्री तळवे जळजळतात का, चप्पल पायातून निसटलेली कळते का. आपल्या बायका हे सांगत नाहीत. बटण लावता येईना, सुईत दोरा ओवता येईना, गॅसचं बटण फिरवताना अंदाज चुकायला लागला की मग सांगतात, तेव्हा उशीर झालेला असतो.

डोसच्या दिवसाच्या दोन गोष्टी. एक, हे औषध पावडर असतं, सलाईनमध्ये हळूहळू कालवावं लागतं, फेस आला तर थांबावं लागतं, आणि तयार झालं की दुधासारखं पांढरं दिसतं. साधं पॅक्लिटॅक्सेल पाण्यासारखं स्वच्छ असतं. नातेवाईक बघतात आणि घाबरतात की औषध खराब झालंय का. नाही, ते तसंच असतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, साधं आणि नॅनो ही अदलाबदल करायची औषधं नाहीत. तीन आठवड्यांच्या डोसमध्ये साधं शरीराच्या क्षेत्रफळाच्या दर चौरस मीटरला १७५ मिलिग्रॅम, नॅनो २६०. नाव अर्धं सारखं आहे म्हणून मेडिकलवाल्याने ‘हे नाही ते आहे, एकच आहे’ असं म्हणून दिलं तर घ्यायचं नाही, डॉक्टरला फोन करायचा. आणि बाजारात अल्ब्युमिन नसलेले, दुसऱ्या पद्धतीने बनवलेले ‘नॅनो’ पॅक्लिटॅक्सेलचे प्रकार पण आपल्याकडे आहेत, ते वाईट असं नाही, पण त्यांचे अभ्यास वेगळे, म्हणून प्रिस्क्रिप्शनवर नक्की कोणतं लिहिलंय ते वाचा, नुसतं ‘नॅनो’ वाचू नका.

बऱ्याच ठिकाणी सांगतात की नॅनो औषध थेट गाठीवर जातं आणि बाकी शरीराला धक्का लावत नाही. हे अर्धसत्य आहे. कल्पना जुनी, १९८६ मधली, जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं होतं की गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईत वाढलेल्या असतात, त्यांना फटी असतात, त्या फटीतून मोठे कण आत झिरपतात आणि अडकून राहतात. उंदरात हे छान दिसतं. माणसात प्रत्येक गाठ वेगळी, एकाच पेशंटची लिव्हरमधली गाठ आणि हाडातली गाठ वेगळी. आणि २०१६ मध्ये कॅनडातल्या एका गटाने दहा वर्षांचे प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र करून हिशोब मांडला तर इंजेक्शनमधून दिलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचणारे मध्यक (म्हणजे निम्म्या प्रयोगांत यापेक्षा कमी, निम्म्यांत जास्त) ०.७ टक्के निघाले. शंभरातला एकसुद्धा नाही! बाकीचे लिव्हर, प्लीहा वगैरे गिळून टाकतात. मग फायदा होतो तो कसा? बऱ्याच वेळा ‘गाठीवर जास्त’ यापेक्षा ‘हृदयावर कमी, किडनीवर कमी’ असा होतो.

हृदयावरून आठवलं, पुढे कधी तुम्हाला लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन हे नाव ऐकू येईल. साधं डॉक्सोरुबिसिन म्हणजे ते लाल औषध, केस जाणारं, सगळ्यांना माहीत असलेलं. ते एका ठरावीक डोसच्या पुढे हृदय कमजोर करतं. तेच औषध चरबीच्या बारीक फुग्यात बंद करून दिलं, शंभरेक नॅनोमीटरचे फुगे, तर हृदयाचा धोका बराच कमी होतो आणि केसही बरेचसे राहतात. अमेरिकेत १९९५ मध्ये परवानगी मिळालेलं हे जगातलं पहिलं नॅनो कॅन्सर औषध धरतात. २०१२ मध्ये अमेरिकेत याचा तुटवडा पडला तेव्हा त्यांनी आपल्या सन फार्माचं औषध मागवलं होतं आणि २०१३ मध्ये पहिलं जेनेरिक म्हणून त्यालाच परवानगी दिली, हे दाजींना जरूर सांगा.

पण त्याचाही स्वतःचा त्रास आहेच. ते औषध हातापायाच्या तळव्यात साचतं, तळवे लाल होतात, सोलतात, तोंड येतं. शेतातल्या बाईला मी स्पष्ट सांगतो की डोसनंतर काही दिवस खुरपं धरायचं नाही, गरम पाण्यात भांडी नाहीत, घट्ट चप्पल नाही, अनवाणी चालायचं नाही. हो म्हणतात आणि छाटणीला जातात. जाऊ दे.

आता दाजींच्या ‘मार्केटिंग’वर येतो. त्यांना २०२१ चा मे महिना आठवत असेल तर विचारा. म्युकर, म्हणजे काळी बुरशी. डोळा सुजलेला, गाल बधिर, टाळू काळी पडलेली अशी माणसं जिल्ह्यातून नाशिकला येत होती, बहुतेक सगळे शुगरवाले, करोनातून नुकतेच उठलेले, स्टेरॉइड घेतलेले. ऑपरेशनने सडलेला भाग काढायचा आणि अँफोटेरिसिन द्यायचं. साधं अँफोटेरिसिन स्वस्त आणि बुरशीवर जबरदस्त, पण देताना पेशंट थंडीने पलंग हलेपर्यंत कुडकुडतो, ताप चढतो, आणि काही दिवसांत किडनी बसायला लागते, पोटॅशियम घसरतं. शुगरवाल्याची किडनी आधीच नाजूक. तेच अँफोटेरिसिन लायपोसोममध्ये, म्हणजे पुन्हा चरबीच्या नॅनो फुग्यात, दिलं तर किडनी बऱ्यापैकी वाचते आणि म्हणून रोज किलोला ५ मिलिग्रॅमचा मोठा डोस अनेक आठवडे देता येतो. व्हायल ५० मिलिग्रॅमची, ६० किलोच्या माणसाला रोज सहा व्हायल. सहा! रोज! तेवढ्या देशात नव्हत्याच. सरकारने वाटप हातात घेतलं, नातेवाईक चिठ्ठी घेऊन या दवाखान्यातून त्या दवाखान्यात, रात्री-अपरात्री ओळखीच्या एमआरना (औषध कंपनीच्या प्रतिनिधींना) फोन. ज्यांना मिळालं नाही त्यांना साधं दिलं आणि रोज क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघत बसलो. तेव्हा कुणी मला विचारलं नाही की डॉक्टर, नॅनो खरं असतं का. औषध एकच, बुरशी एकच, आणि पॅकिंगचा फरक म्हणजे डायलिसिस लागणार की नाही एवढा होता. बिहारमध्ये काला-आझारसाठी (वाळूमाशीमुळे होणारा आजार) हेच लायपोसोमल अँफोटेरिसिन किलोला १० मिलिग्रॅम असं एकदाच देतात आणि पेशंट घरी जातो, पूर्वी त्याच आजाराला आठवडेच्या आठवडे इंजेक्शनं घ्यावी लागायची.

अजून जवळचं उदाहरण हवं असेल तर घरातल्या बाळंतिणीला विचारा. हिमोग्लोबिन ७ आलं की आपल्याकडे सुरगाण्यापासून सिन्नरपर्यंत सगळीकडे आयर्न सुक्रोज लावतात, हल्ली एफसीएम (फेरिक कार्बोक्सिमाल्टोज, लोहाचंच दुसरं इंजेक्शन). ते चहाच्या रंगाचं सलाईन म्हणजे लोखंडाचे काही नॅनोमीटरचे कण, साखरेच्या आवरणात गुंडाळलेले. उघडं लोखंड शिरेत सोडलं तर विषच, आवरणामुळे ते सावकाश सुटतं. एफसीएमचं आवरण जास्त घट्ट म्हणून त्यात एकदम १००० मिलिग्रॅम पंधरा मिनिटांत देता येतं. कुणी त्याला नॅनो म्हणत नाही, त्यामुळे कुणी घाबरतही नाही आणि जास्त पैसेही मागत नाही. पुण्याच्या जिनोव्हाची एमआरएनए लस, २०२२ मध्ये परवानगी मिळालेली, ती पण अशीच नॅनोकणातून देतात, आणि ती साध्या फ्रिजच्या तापमानात राहते.

निदानाचं तुम्ही विचारलं नाहीये पण दाजींसाठी लिहितो, कारण नॅनोचा मोठा खप तिथे आहे. प्रेग्नन्सीची पट्टी, मलेरियाचं कार्ड, डेंग्यूचं कार्ड, करोनाचं घरी करायचं किट, या बहुतेक सगळ्यांमधली ती लाल-गुलाबी रेघ म्हणजे सोनं असतं. खरं सोनं, सराफ बाजारातलं आहे तेच मूलद्रव्य, फक्त कण ४० नॅनोमीटरच्या आसपासचे. एवढं बारीक झालं की सोनं पिवळं दिसत नाही, लाल दिसतं, फॅरेडेने १८५७ मध्ये हे लाल सोन्याचं पाणी बनवून त्यावर अभ्यास केला होता. त्या कणांना अँटिबॉडी चिकटवलेली असते, रक्तात किंवा लघवीत जे शोधायचंय ते सापडलं की कण ते धरून पट्टीवरून पुढे सरकतात आणि रेघेवर अडकतात, लाखो कण अडकले की रेघ डोळ्याला दिसते. वीज नको, मशीन नको, पेठच्या आतल्या पाड्यावर आशाताई करू शकते.

पण कार्डाच्या मर्यादा आहेत. पावसाळ्यानंतर सिडको-सातपूरला डेंग्यू सुरू झाला की लोक ताप आल्याच्या सातव्या दिवशी एनएस-वन (डेंग्यूच्या विषाणूचं प्रोटीन शोधणारी टेस्ट) करतात, निगेटिव्ह आलं की म्हणतात डेंग्यू नाही. एनएस-वन पहिल्या चार-पाच दिवसांत सापडतं, नंतर अँटिबॉडीची टेस्ट लागते. आणि रेघ किटवर लिहिलेल्या वेळेतच वाचायची, तासाभराने उमटलेली पुसट रेघ धरायची नाही. पक्कं करायला एलायझा (लॅबमधली टेस्ट) लागतेच, सरकारी आकड्यात पण तीच धरतात.

कॅन्सरच्या निदानात नॅनोचं काम अजून मर्यादित आहे. लोखंडाचे नॅनोकण वापरून साडेसात मिलिलिटर रक्तातून हिंडणाऱ्या कॅन्सरच्या पेशी वेचून मोजायची एक टेस्ट अमेरिकेत २००४ पासून आहे, चुंबकाने कण ओढले की त्यांना चिकटलेल्या पेशी पण येतात. पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाच किंवा जास्त पेशी सापडल्या तर आजार जोरात आहे एवढं सांगते. पण त्यावरून औषध बदलून आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही, म्हणून तुमच्या आईसाठी कुणी ‘रक्ताची ॲडव्हान्स टेस्ट’ म्हणून पॅकेज सांगितलं तर पहिला प्रश्न विचारायचा की रिपोर्ट असा आला तर काय बदलणार आणि तसा आला तर काय बदलणार? काहीच बदलणार नसेल तर ते पैसे औषधाला ठेवा.

आता रोबोट. २०१८ मध्ये अमेरिका आणि चीनच्या शास्त्रज्ञांनी डीएनएची घडी घालून बारीक नळीसारखी वस्तू बनवली, आत रक्त गोठवणारं एन्झाइम, गाठीच्या रक्तवाहिनीशी पोचली की उघडते आणि गाठीचा रक्तपुरवठा तिथेच गोठवून बंद करते. फार सुंदर काम आहे, मी स्वतः वाचून खूश झालो होतो. उंदरांत. तुमच्या आईला आज कुठल्याही देशात कुठल्याही पैशात ते नेहमीचा उपचार म्हणून मिळत नाही, आणि कुणी मेलवर ‘मिळतं’ म्हणत असेल तर तो चोर आहे. मेंदूच्या गाठीत लोखंडाचे नॅनोकण टोचून चुंबकीय क्षेत्राने तापवायचं, गाठीत हाफनियमचे कण टोचून रेडिएशनचा असर वाढवायचा, हे दोन प्रकार युरोपात परवानगीपर्यंत पोचलेत पण ते ठरावीक आजारांना, तुमच्या आईच्या आजाराला लागू नाहीत.

करक्युमिन. हळदीतलं करक्युमिन पोटातून रक्तात नीट जात नाही हे खरं आहे, नॅनो केलं की जास्त जातं हेही खरं आहे. पण रक्तात जास्त गेलं म्हणजे कॅन्सर बरा झाला असं कुठे आहे? उलट जास्त जातं म्हणूनच भीती. पॅक्लिटॅक्सेल लिव्हरमध्ये ज्या एन्झाइमने मोडतं त्यांच्यावर करक्युमिनचा परिणाम होऊ शकतो, आणि आईच्या लिव्हरमध्ये आधीच गाठी आहेत. जास्त शोषली जाणारी हळदीची सप्लिमेंटं घेऊन लिव्हरला सूज आलेले पेशंट अमेरिकेत नोंदले गेलेत. भाजीत, वरणात हळद घाला, काही होत नाही. बाटलीवरचं लायसन्स बघा, एफएसएसएआयचा नंबर असेल तर कायद्याने ते खाद्यपदार्थ आहे, औषध नाही. आणि कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करणं हा १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी व्हॉट्सॲपवर रोज येते. चांदीचं पाणी पण असंच. जखमेवर लावायच्या नॅनो सिल्व्हरच्या ड्रेसिंगचा भाजलेल्यांना उपयोग होतो, मी नाही म्हणत नाही, पण तीच चांदी रोज प्यायली तर कातडी कायमची निळी-करडी पडू शकते. भस्मांबद्दल विचारणार असाल तर त्यातही नॅनो मापाचे कण सापडलेत हे खरं, पण माझ्या पेशंटला किमोबरोबर धातूचं काहीही नको, किडनी एकच जोडी आहे.

शेवटी पैशाचं. जनआरोग्य योजनेत बसत असाल तर हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा की पॅकेजमध्ये कोणतं पॅक्लिटॅक्सेल बसतं, डोसच्या सकाळी नाही. स्वतः आणणार असाल तर छापील किमतीवर जाऊ नका, या औषधात छापील किंमत आणि प्रत्यक्ष भाव यात मोठा फरक असतो, नाशिकच्या गोळे कॉलनीत दोन-तीन होलसेलरकडे विचारा, पण ब्रँड डॉक्टरांना सांगून ठरवा आणि एकदा ठरलेला ब्रँड उगाच प्रत्येक डोसला बदलू नका. पक्कं बिल घ्या, बिलावर बॅच नंबर हवा आणि तो व्हायलवरच्या बॅचशी जुळवा, व्हायलचा फोटो काढून ठेवा. महागड्या किमोत नकली माल पकडला गेलेला आहे, आणि पक्क्या बिलाशिवाय स्वस्तात देणारा भेटला तर नको म्हणायचं.

पहिल्या डोसला शुगरची वही बरोबर न्या आणि मागच्या वेळी रिॲक्शन कितव्या मिनिटाला आली, काय काय झालं ते एका कागदावर लिहून सिस्टरच्या हातात द्या, कारण क्रेमोफोर नसलं तरी पहिली दहा मिनिटं मी अशा पेशंटजवळ कुणीतरी उभं ठेवतोच. आणि आईला उपाशी आणू नका. किमोला रिकाम्या पोटी यायचं असतं हे कुणी पसरवलंय देव जाणे, भाकरी-भाजी खाऊन, शुगरची गोळी घेऊन यायचं.